फरसबंदीचा ठेकेदार

घर बांधून पुरे होते, रंग लागतो, वास्तुशांतीची आमंत्रणे जातात, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की फाटकापासून पायरीपर्यंतची जागा अजून मातीचीच आहे. हाती उरलेल्या रकमेत ती कशीबशी बांधून घ्यावी, एवढाच विचार त्या वेळी शिल्लक असतो. सहकारी गृहरचना संस्थांतही निराळे घडत नाही. गच्चीच्या गळतीवर चार सभा झडतात, लिफ्टच्या कंत्राटावर सहा. आवारातील फरसबंदी मात्र ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’ या सदराखाली चहा येईपर्यंत मंजूर होऊन जाते. वास्तविक इमारतीच्या कोणत्याही भागापेक्षा या जमिनीचा वापर अधिक. म्हातारी माणसे तिच्यावरून काठी टेकीत जातात, मुले पळतात, पाण्याचा टँकर येतो, गॅसच्या टाक्यांची गाडी येते. ती खचली तर पावसाचे पाणी तळमजल्याच्या घरात शिरते. उखडली तर एखाद्या आजींच्या मांडीचे हाड मोडते. आणि अशा जमिनीची दुरुस्ती म्हणजे बहुधा सारेच काम पहिल्यापासून पुन्हा करणे होय.

असे असूनही या कामाचा ठेकेदार निवडताना शहाणीसुरती माणसे फसतात, आणि त्याचे कारण केवळ हयगय हे नव्हे. या धंद्याचा स्वभावच तसा आहे. सुताराने केलेले दार उघडून-लावून पाहता येते, रंगाऱ्याची भिंत डोळ्यांसमोर असते. फरसबंदीचे खरे काम मात्र फरशीच्या खाली असते, आणि फरशी बसली की ते कायमचे दृष्टिआड होते. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण या धंद्यास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्यास पडत असेल. काम पुरे झाले त्या दिवशी चांगल्या ठेकेदाराचे आवार आणि लबाड ठेकेदाराचे आवार यांत डोळ्यांना कसलाही फरक दिसत नाही. दोन्ही सारखीच गुळगुळीत, दोन्ही सारखीच रंगीत. फरक दिसतो तो दुसऱ्या पावसाळ्यात, आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात.

तेव्हा ‘विश्वासू ठेकेदार कसा ओळखावा’ या प्रश्नाचा अर्थ, न दिसणाऱ्या कामाविषयी कोणाच्या शब्दावर विसंबावे, असा होतो. तो सोडविण्यास आधी त्या न दिसणाऱ्या कामाची थोडी ओळख हवी.

जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसराच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. खडीच्या रस्त्याला आजही त्याचे नाव चिकटून आहे. त्याचे म्हणणे फार साधे होते. गाड्यांचा भार शेवटी रस्ता वाहत नाही, रस्त्याखालची मूळ जमीन वाहते. ती कोरडी राहिली तर पाहिजे ते ओझे पेलील, भिजली तर काहीच पेलणार नाही. म्हणून वरचा थर म्हणजे एक छप्पर समजावे आणि त्याने पाणी खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी खडी बारीक आणि सारखी हवी. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड दगड त्याला चालत नसे. दगड तोंडात मावला पाहिजे, अशी खूण तो मजुरांना देई म्हणतात. आणि एका रस्त्यावर फारच मोठे दगड निघाले तेव्हा चौकशीअंती तेथील मजुराच्या तोंडात एकही दात नसल्याचे आढळले, अशी गोष्ट सांगतात. ही दंतकथा शब्दशः दंतकथाच असावी. परंतु मॅकॅडमच्या तत्त्वात दोनशे वर्षांत बदल झालेला नाही. वरून डांबर असो, काँक्रीट असो, शहाबादी फरशी असो की अलीकडचे सिमेंटचे ठोकळे, ज्यांना सर्वत्र ‘पेव्हर ब्लॉक’ म्हणतात, ते असोत. जमीन घट्ट आणि कोरडी ठेवणे हेच मुख्य काम आहे. बाकीचे सारे तिचे पांघरूण.

यावरून ठेकेदाराच्या परीक्षेची पहिली खूण हाती लागते. तो प्रथम आवारात येतो तेव्हा काय पाहतो, हे पाहावे. एक ठेकेदार येतो तो पावले टाकीत लांबीरुंदी मोजतो, भ्रमणध्वनीवरची छायाचित्रे पुढे करतो आणि कोणता रंग, कोणती नक्षी, असे विचारतो. चिटणीसांनी विचारले, “पण पाणी कुठं जाणार?” तर त्याचे उत्तर ठरलेले असते: “त्याची काळजी नको साहेब, पाणी आपली वाट काढतंच.” पाणी आपली वाट काढते हे खरेच, ती बहुधा तळमजल्याच्या उंबऱ्यावरून निघते. दुसरा येतो तो आधी गटाराचे तोंड शोधतो, जोत्याला कुठवर ओल चढली आहे ते बोटाने चाचपतो, एखादे चेंबरचे झाकण उचलायला लावतो आणि म्हणतो, “काका, गेल्या पावसात पाणी कुठं साचलं होतं, ते आधी दाखवा.” या दुसऱ्या माणसाचा दर अजून कळलेला नाही, तरीही त्याच्याशी पुढे बोलण्यास हरकत नाही.

उताराचा हिशेब घरमालकासही करता येण्याजोगा आहे. पन्नास फुटांस एक फूट हा सामान्यतः चांगला उतार समजतात. म्हणजे चाळीस फूट रुंदीच्या आवारात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेनऊ इंचांहून थोडी अधिक उतरण हवी. एवढी उंची जोत्यापाशी शिल्लक आहे काय, हे आधी पाहावे लागते. जुन्या आवारांत ती नसते, कारण मागच्या प्रत्येक ठेकेदाराने जुन्या जमिनीवरच नवा थर चढविलेला असतो. उकरण्याचा, राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वाचतो, दर कमी दिसतो आणि सभासद खूष होतात. असे दोनतीनदा झाले की एके काळी दोन पायऱ्या उंच असलेले घर जमिनीच्या पातळीला येते आणि तळमजल्यावर राहणारे, बहुधा वयोवृद्ध असणारे, कुटुंब दर श्रावणात पोती आणि फडकी घेऊन दाराशी बसते. “जुनं काढायची काही गरज नाही, वरूनच टाकू,” असे जो ठेकेदार काहीही न तपासता म्हणतो, त्याने आपली परीक्षा आपणच देऊन टाकलेली असते.

जमीन सर्वत्र सारखी नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नागपूर-अमरावतीकडे, मराठवाड्यात, तसेच इंदूर आणि बडोदे या मराठी वस्तीच्या जुन्या शहरांच्या परिसरात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट फरशी अंथरली तर ती जमिनीबरोबर श्वासोच्छ्वास करू लागते, आणि दोन वर्षांत आवाराला लाटा येतात. तेथे काळी माती पुरेशी काढून टाकून मुरुमाचा थर थरानेच दाबीत भरला पाहिजे. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तो फुगत नाही, पण तेथे पाऊसच असा की मोकळी रेती वाहून जाण्याचे भय. नवीन वसाहतींत तर भराव कशाचा आहे हे भरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ठेकेदार त्या गावच्या जमिनीवर काम केलेला असावा. दूरच्या मोठ्या शहरातून आलेला, नावलौकिकाचा असला तरी, त्या मातीशी अनोळखी असेल तर त्याने एक खड्डा खणून पाहण्याची तयारी दाखवावी. फूट-दीड फुटाचा खड्डा खणण्यास दोन मजुरांना फार वेळ लागत नाही.

आता दराचा विषय, कारण निवड शेवटी तेथेच येऊन अडते. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवावीत हा नियम सर्वांना पाठ आहे, आणि तो पाळूनही लोक फसतात. कारण ती तीन दरपत्रके तीन निरनिराळ्या कामांची असतात. ‘पेव्हर ब्लॉक बसविणे, दर चौरस फुटास इतके’ एवढ्या एका ओळीत एकाने सहा इंच मुरूम धरलेला असतो, दुसऱ्याने चार, आणि तिसऱ्याने मुरूम हा शब्दच मनात आणलेला नसतो. मग सर्वांत कमी दर तिसऱ्याचा निघतो यात नवल ते काय? समजा, आवार शंभर फूट लांब आणि चाळीस फूट रुंद, म्हणजे चार हजार चौरस फुटांचे आहे. सहा इंच दाबलेल्या थरास २,००० घनफूट, म्हणजे २० ब्रास भरणी लागेल. सैल माल याहूनही अधिक, कारण दाबल्यावर तो बसतो. हाच थर चार इंचांचा केला तर पावणेसात ब्रासच्या जवळपास माल वाचतो. दोन इंचांचा हा फरक फरशीखाली गेल्यावर कोण मोजणार? सगळ्या लबाडीचे मूळ या दोन इंचांत आहे.

म्हणून कामाचे वर्णन ठेकेदाराकडून न घेता आधी संस्थेने स्वतः लिहून काढावे आणि तेच तिघांच्या हाती द्यावे. किती खोल उकरायचे, राडारोडा कोणी व कुठे न्यायचा, कोणता थर दाबल्यानंतर किती जाडीचा हवा, उतार कोणत्या दिशेस, कड कशाची, चेंबरची झाकणे नव्या पातळीस कोणी उचलून द्यायची. या शेवटच्या बाबीवरून जितकी भांडणे होतात तितकी मुख्य कामावरून होत नाहीत. स्थापत्य अभियंत्याकडून असे वर्णन करून घेण्यास थोडी फी पडते; चार हजार चौरस फुटांच्या कामात ती वाया जात नाही. संस्थेत एखादे निवृत्त अभियंते सभासद असतातच, ते हे काम आनंदाने करतात. फक्त त्यांना पुढे देखरेखीचे काम मिळाल्यावर आवरणे कठीण जाते.

ठोकळ्यांच्या बाबतीत तर अंधारात राहण्याचे कारणच नाही. त्यांच्यासाठी भारतीय मानक १५६५८ आहे. ते २००६ साली निघाले आणि २०२१ साली सुधारले गेले. २००६ च्या मानकात केवळ पायी वावरासाठी ५० मिलिमीटर जाडीचा व एम-३० प्रतीचा, हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटरचा व एम-३५ चा, तर मध्यम रहदारीसाठी ८० मिलिमीटरचा व एम-४० चा ठोकळा सांगितला आहे. ज्या आवारात टँकर येतो तेथे ५० मिलिमीटरचा ठोकळा सुचविणारा एकतर धंदा शिकलेला नाही किंवा फारच शिकलेला आहे. चांगला ठोकळा पाणी कमी पितो. मानकाप्रमाणे सरासरीने वजनाच्या शेकडा सहापेक्षा अधिक नाही. प्रयोगशाळेत हे काटेकोरपणे मोजतात. घरच्या घरी ढोबळ अंदाज घ्यावयाचा तर चार किलोचा कोरडा ठोकळा एक दिवसरात्र पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा. वजन पाव किलोच्या पलीकडे गेले तर त्या कारखान्याचे प्रमाणपत्र मागावे. दोन ठोकळे एकमेकांवर वाजवून पाहण्याची गवंड्यांची जुनी रीतही वाईट नाही. खणखणीत आवाज यावा, भद्द येऊ नये.

ठोकळ्याखाली रेतीचा बिछाना असतो, तो २० ते ४० मिलिमीटरचा पुरे. येथे आणखी एक हातचलाखी चालते. खालची भरणी नीट सपाट केलेली नसली की तिचा उंचसखलपणा रेतीनेच भरून काढतात; मग कुठे रेती बोटभर, कुठे चार बोटे. बसवताना सारे दोरीला एकसूत असते. पहिल्या सहा महिन्यांत जाड रेती दबते आणि चाकांच्या वाटेवर दोन पन्हळी उमटतात. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो असा.

ठेकेदाराची चौकशी कोठे करावी, हा पुढचा भाग. त्याने दाखविलेली छायाचित्रे ज्या दिवशी काम संपले त्या दिवसाची असतात. त्या दिवशी सर्वच कामे सुंदर असतात. तीन पावसाळे पाहिलेल्या दोन कामांचा पत्ता मागावा आणि तेथे स्वतः जावे. तेथील अध्यक्षांना भेटण्यात अर्थ नाही, कारण ठेकेदार त्यांनीच निवडलेला असतो आणि स्वतःची निवड चुकली असे सांगणारे अध्यक्ष विरळा. रखवालदारास किंवा झाडणाऱ्या बाईंना विचारावे. पाणी कुठे साचते हे रोज झाडू मारणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि नजर टाकावी ती मधल्या सपाट जागेवर नव्हे, तर कडांवर: फाटकाच्या रुळापाशी, चेंबरभोवती, भिंतीलगत आणि जेथे मोटार वळते तेथे. आळशी हाताने केलेले काम प्रथम कडेलाच फाटते. कड बांधलेली नसेल तर ठोकळे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात.

त्याच्या हाताखालच्या माणसांची चौकशीही करावी. मुकादम त्याचा नेहमीचा आहे, की काम मिळाल्यावर नाक्यावरून माणसे गोळा करून तो ते दुसऱ्याच्या गळ्यात घालतो? कंपन करून दाबणारे यंत्र त्याच्यापाशी आहे, की धुमस ठोकूनच भागवायचे? मजुरांची रोजी तो वेळेवर देतो काय? ज्याचे मजूर तीन आठवड्यांच्या पगाराची वाट पाहत असतात, त्याचे काम अर्ध्यावर पडते. आणि उकरलेले आवार घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर बसलेल्या संस्थेसारखे दीन दृश्य दुसरे नाही. ही माहिती मजुरांशी दोन शब्द बोलल्याने मिळते.

कचेरी आणि छापील कागद यांवरून मात्र फारसे काही ठरवू नये. या धंद्यात चांगले काम करणारी पुष्कळ माणसे लहान आहेत. स्वतः गवंडीकाम करून वर आलेली, हिशेब डायरीत लिहिणारी. इंग्रजी दरपत्रक त्यांना धड लिहिता येत नाही, पण पाणसळ नळीत पाणी भरून चार कोपरे गाठण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नसतो. अशा माणसास गबाळ्या कागदापायी डावलणे हा संस्थांचा एक नेहमीचा अन्याय आहे. याच्या उलट, कोण्या समिती-सदस्याचा भाचा किंवा मेव्हणा हा नात्याच्या जोरावर पुढे येतो. तो वाईटच असेल असे नाही. पण काम बिघडले तर त्याला जाब विचारणार कोण? नात्यातला ठेकेदार नेमायचा तर त्याचे नाते सर्वसाधारण सभेत उघड सांगून नेमावा.

आणखी एक पाहुणा आहे. जवळच रस्त्याचे डांबरी काम चालू असते, आणि तेथला म्हणून सांगणारा कोणी दारात येतो: “ताई, माल उरलाय, निम्म्या दरात अंगण करून देतो, पण आत्ताच सांगा.” ही युक्ती आपल्याकडचीच नव्हे, इंग्लंड-अमेरिकेतही उरलेल्या डांबराच्या नावाने दारोदार फिरणाऱ्यांविषयी तेथील ग्राहकसंस्था लोकांना सावध करीत आल्या आहेत. तिच्यातील ‘आत्ताच’ हा शब्द पाहावा. गरम डांबरी मिश्रण पसरताना साधारण १४० अंश सेल्सिअस असावे लागते आणि ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी रोलर फिरवून दाबणे संपवावे लागते. तेव्हा दुपारभर ट्रकमध्ये पडून राहिलेले ‘उरलेले’ डांबर स्वस्त असले तरी कामाचे नसते. शिवाय खालची माती तशीच. पहिल्या उन्हाळ्यात ते चपलेला चिकटते, पहिल्या पावसात पापड्यांसारखे निघते. आणि ज्याच्याकडे तक्रार करावयाची त्याचे नाव, गाव काहीच हाती नसते.

पैशाच्या व्यवहारात विश्वासाची खरी कसोटी लागते, आणि येथे दोन्ही बाजूंनी समंजसपणा हवा. माल आणण्यापुरती उचल ठेकेदाराने मागितली तर त्यात गैर काही नाही. लहान ठेकेदारापाशी भांडवल नसते. निम्म्याहून अधिक रक्कम आधी मागणाऱ्यापाशी मात्र थांबावे. उरलेले पैसे टप्प्यांनी द्यावेत, आणि टप्पे दिसणाऱ्या कामाला नव्हे, झाकल्या जाणाऱ्या कामाला जोडावेत. उकरून झाले, पाहिले, मोजले, सही झाली, मग भरणी. भरणी दाबून झाली, तीन ठिकाणी पहारीने भोक पाडून जाडी मोजली, सही झाली, मग रेती. सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तक असते, त्यात झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी नोंदवितात. तीच पद्धत शंभर पानी वहीत पाळता येते. ही अट ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते त्याच्या मनात काय आहे हे सांगावयास ज्योतिषी नको. प्रामाणिक माणूस बहुधा उलट म्हणतो, “बघाच तुम्ही, म्हणजे नंतर बोल लागणार नाही.” शेवटचे शेकडा पाच-दहा पैसे एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावेत, आणि तसे करारात आधीच लिहावे, काम संपल्यावर अचानक पैसे अडविणे ही ग्राहकाची लबाडी होय.

करार, पक्के बिल आणि जीएसटीची नोंदणी यांचा लोकांना कंटाळा येतो, कारण बिलाविना काम केले तर कर वाचतो, असे ठेकेदारच सुचवितो. वाचतो तो कर, आणि त्याबरोबर जातो तो दावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये निकृष्ट सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येते. पण काय ठरले होते आणि किती पैसे दिले, हे दाखविण्यास कागदच नसेल तर तेथे केवळ हळहळ मांडता येते.

हमीचा विषय निघाला की पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट मराठी माणसाच्या ओठांवर येते. १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या महापालिकेसाठी मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीने तो गरम डांबरी मिश्रण वापरून केला आणि त्यावर दहा वर्षांची हमी दिली. हमीची मुदत संपून कित्येक वर्षे लोटली तरी रस्ता खड्ड्यांवाचून टिकला, म्हणून तो दृष्टान्त झाला आहे. ती गोष्ट सांगताना लोक कंपनीच्या सचोटीवर थांबतात, आणि ते योग्यच आहे. परंतु दहा वर्षांची हमी देणाऱ्याला खालचा थर दोन इंचांनी कमी करणे परवडतच नाही, हेही पाहिले पाहिजे. हमी ही वचनापेक्षा अधिक काही असते. ती ठेकेदाराचा स्वार्थ आणि घरमालकाचा स्वार्थ एका दाव्याला बांधते. मात्र हमी लेखी हवी, तिच्यात कोणता दोष किती दिवसांत दुरुस्त करून देणार ते हवे, आणि देणारा माणूस त्या गावात राहणारा, दहापाच वर्षे धंदा केलेला हवा. ज्याचे दुकान मागच्या दिवाळीला निघाले त्याची पंधरा वर्षांची हमी आणि पानवाल्याचा उद्याचा वायदा यांची किंमत एकच.

काम चालू झाल्यावर घरमालकाने काय करावे? रोज उन्हात खुर्ची टाकून बसू नये; त्याने मजूर बिचकतात आणि काम सुधारत नाही. काही मोजक्या गोष्टी मात्र पाहाव्यात. काँक्रीटचे काम असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या एका कोपऱ्यात ठेवण्यास सांगावे. वर सांगितलेल्या चार हजार चौरस फुटांवर चार इंच काँक्रीट एकास दीडास तीन या प्रमाणात घालायचे तर पन्नास किलोच्या सुमारे तीनशे गोण्या लागतात. कोपऱ्यात दोनशेच दिसल्या तर उरलेल्या कशाच्या भरवशावर आहेत ते विचारावे. काँक्रीटला दहाबारा फुटांवर सांधे कापले जातात काय ते पाहावे, नाहीतर ते आपल्या मर्जीने कुठेही तडकते. आणि पाणी मारणे! साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि आजकाल सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला दहा दिवस ओल हवी. येथे दोष बहुतेकदा ठेकेदाराचा नसून सभासदांचा असतो. पी हळद अन् हो गोरी, या घाईने तिसऱ्या दिवशी मोटारी आत आणल्या जातात आणि मग भेगांचा जाब ठेकेदारास विचारला जातो.

ठेकेदारांचीही गाऱ्हाणी आहेत, आणि ती खोटी नाहीत. कामाच्या मध्यावर संस्थेत मतभेद होतात. एक सभासद उतार पूर्वेकडे मागतो, दुसरा पश्चिमेकडे. बसविलेल्या ठोकळ्यांचा रंग कोणास आवडत नाही. जलवाहिनी बदलायची होती हे फरसबंदी झाल्यावर आठवते आणि नवी जमीन फोडली जाते. पुढे तीच जागा खचली की बोल मात्र त्याच्याच माथी. बिल सादर केल्यावर चिटणीस गावाला जातात, खजिनदार सहीसाठी मिळत नाहीत. अशा दोन संस्था भेटल्या की तिसऱ्या संस्थेसाठी दर मांडताना तो शहाणा होतो; एकतर दर वाढवितो, नाहीतर मुरूम कमी करतो. म्हणून संस्थेने एकाच माणसाला, आणि त्यालाच, ठेकेदाराशी बोलण्याचा अधिकार द्यावा, बदल सांगायचा तो लिहून सांगावा, आणि ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी हातावर ठेवावा. ज्या संस्थेचे पैसे वेळेवर मिळतात तिच्याकडे चांगला मुकादम पाठवावा, हे ठेकेदारास कोणी शिकवावे लागत नाही.

पावसाळ्यापूर्वी निदान महिनाभर काम संपलेले असावे, म्हणजे जमिनीला बसण्यास अवसर मिळतो. मग पहिला मोठा पाऊस पडतो. त्या दिवशी पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने चिटणीसांनी छत्री आणि विटकरीचा तुकडा घेऊन आवारातून एक फेरी मारावी, जेथे पाणी साचलेले दिसेल तेथे कडेने खूण करावी आणि छायाचित्र काढावे. चांगल्या कामातही अशा तीनचार जागा निघतात; त्यात लाजण्यासारखे काही नाही. दूरध्वनी केल्यावर ठेकेदार दोन माणसे, एक पहार आणि दोन घमेली रेती घेऊन येतो, खुणेच्या आतले ठोकळे उचलतो, खाली रेती सारखी करून पुन्हा बसवतो, सांध्यांत बारीक कोरडी रेती झाडून भरतो. अर्ध्या दिवसाचे काम. संध्याकाळी चिटणीस राखून ठेवलेल्या रकमेचा धनादेश लिहितात आणि शेजारच्या संस्थेचे गृहस्थ कुंपणापलीकडून त्या ठेकेदाराचा दूरध्वनी क्रमांक मागतात.